भाड्याने देण्यासाठी दुसरा फ्लॅट घेताना हातात नेमकी किती रक्कम असावी?

प्रश्न

पुण्यात वारज्याला एक बारा वर्षांपूर्वीचा दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे. सौदा ७२ लाखांवर आला आहे आणि त्याच इमारतीतले तसेच फ्लॅट सध्या महिना २३,००० रुपयांना भाड्याने जातात. आम्ही दोघेही नोकरी करतो. राहत्या घराच्या कर्जाचा ३१,००० रुपयांचा हप्ता अजून काही वर्षे चालू राहणार आहे. एजंटच्या म्हणण्याप्रमाणे बँक ८० टक्के रक्कम देते, म्हणजे आम्हाला साडेचौदा लाख उभे करावे लागतील. आमच्याकडे मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून १८ लाख आहेत, त्यामुळे हिशेब जमेल असे वाटले होते. पण एका सहकाऱ्याने "वरचा खर्च धरलास का?" असे विचारले आणि तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही.

हा वरचा खर्च प्रत्यक्षात किती येतो, कर्जाच्या अटींमध्ये काय तपासावे आणि एजंट सुचवतो त्याप्रमाणे फ्लॅट फक्त पत्नीच्या नावे घेतल्यास फायदा होतो का, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. येत्या रविवारी एक लाखाचे टोकन देण्याचे ठरले आहे.

प्रतिसाद : निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

मी अनेक वर्षे गृहकर्ज विभागात काम केले आहे. अर्जदाराचा हिशेब सर्वाधिक वेळा कुठे चुकतो, ते तुमच्या प्रश्नात स्पष्ट दिसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मात्र ही टक्केवारी काढताना तुमच्या फ्लॅटच्या बाबतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरता येत नाही. ते पैसे संपूर्णपणे तुमच्या खिशातून जातात.

७२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ५७ लाख ६० हजार, तेव्हा स्वतःचा हिस्सा १४ लाख ४० हजार झाला. पुणे महापालिका हद्दीत स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, ते ५ लाख ४ हजार होते, आणि नोंदणी फी कमाल मर्यादेइतकी म्हणजे ३०,००० रुपये. येथेच तुम्ही १९ लाख ७४ हजारांवर पोहोचलात. एजंटची दलाली एक टक्का धरली तरी ७२,००० होतात. फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना सोसायटी घेते तो ट्रान्सफर प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा शासनाचा २००१ चा आदेश आहे. कोणी "देणगी" म्हणून अधिक मागितले तर तो आदेश दाखवा. बँकेची प्रक्रिया फी, मालकी हक्क तपासणारा वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि गहाणखताच्या सूचनेवरचे शुल्क मिळून सुमारे ४०,००० धरून ठेवा. बारा वर्षांच्या फ्लॅटला रंग, गीझर, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या आणि बाथरूममधली गळती यांवर सव्वा लाख सहज लागतात. एकूण रक्कम २२ लाख ३६ हजारांच्या घरात जाते. फ्लॅट बांधकामाधीन असता तर त्यावर जीएसटीही लागला असता. येथे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेली जुनी इमारत असल्याने तो लागत नाही, मात्र ते प्रमाणपत्र खरोखर आहे याची खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट मूल्यांकनाची. बँक ८० टक्के काढते ते तिच्या मूल्यांककाचा आकडा आणि करारातली किंमत यांपैकी जो कमी असेल त्यावर. मूल्यांककाने ६८ लाख लिहिले तर कर्ज ५४ लाख ४० हजारांवर येते आणि वरचे ३ लाख २० हजार तुम्हालाच घालावे लागतात. माझ्यासमोर बसून लोकांनी रडवेल्या चेहऱ्याने फोन फिरवलेले मी पाहिले आहेत, कारण टोकन देऊन झालेले असायचे. ही तूट वैयक्तिक कर्जाने भरण्याचा विचारही करू नका. त्याचा हप्ता तुमच्या परतफेडीच्या क्षमतेतून वजा होतो आणि मंजूर होणारे गृहकर्जच आणखी कमी होते.

अर्जात घर भाड्याने देणार असल्याचे खरे लिहा. काही मंजुरीपत्रांत भाड्याने देण्यापूर्वी बँकेची लेखी संमती घ्यावी अशी अट असते आणि ती वाचल्याशिवाय सही करू नये. विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज बाकी असेल तर मूळ कागदपत्रे त्याच्या बँकेत असतात, म्हणून थकबाकीचे पत्र आधी मागून घ्या.

प्रतिसाद : दोन फ्लॅटचा मालक, सिंहगड रोड

वरचा हिशेब अगदी बरोबर आहे. मी दरमहाच्या पैशांबद्दल लिहितो, कारण सुरुवातीचे पैसे लोक कसेबसे उभे करतात आणि पुढे महिन्याच्या ओढाताणीत अडकतात.

५७ लाख ६० हजारांवर ८ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४८,२०० रुपये होतो. भाडे २३,०००. त्यातून सोसायटीची देखभाल वर्गणी, त्यावर सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) आणि मालमत्ता कर जातो. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका मालमत्ता करात जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. भाडेकरू बदलताना महिना-दीड महिना घर रिकामे राहते. म्हणजे दरमहा २८ हजारांहून अधिक तुम्ही पगारातून घालणार आहात. ते घालणे चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, पण ते पैसे कुठून येतील हे आजच लिहून काढा, आणि सहा हप्त्यांइतकी, म्हणजे तीन लाखांच्या आसपास रक्कम वेगळी ठेवा.

व्याजदराबाबत माझा अनुभव सांगतो. २०२१ मध्ये मी ४० लाखांचे कर्ज ६.७ टक्क्यांनी घेतले, हप्ता ३०,३०० रुपये होता. मे २०२२ पर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ झाला. माझे कर्ज रेपोशी जोडलेले असल्याने दर ९.२ वर गेला, पण हप्ता तोच राहिला म्हणून मी निर्धास्त होतो. वर्षअखेरीचा उतारा उघडला तेव्हा ३८ लाखांच्या आसपास बाकी दिसत होती, आणि ३०,३०० पैकी २९ हजारांहून अधिक व्याजात जाऊन मुद्दलात जेमतेम हजार-बाराशे जमा होत होते. त्या गतीने ते कर्ज फेडायला पस्तीस वर्षे लागली असती. मी बँकेत जाऊन हप्ता ३६,००० करून घेतला. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे, पण विचारणा आलेले पत्र आपणही वाचले पाहिजे. तुम्ही आत्ताच दोन टक्के जास्त दराने हप्ता काढून पाहा. १० टक्क्यांना तो ५५,६०० होतो.

मंजुरीच्या दिवशी माझ्यापुढे एका विम्याचा अर्जही ठेवला गेला. एकरकमी हप्ता १ लाख ४० हजार होता आणि "तो कर्जातच मिळवतो, तुम्हाला काही भरायचे नाही" असे सांगण्यात आले. मी सही केली, याचे मला आजही वाईट वाटते. ८ टक्क्यांच्या कर्जात वीस वर्षे धरली तर त्या १ लाख ४० हजारांचे २ लाख ८१ हजार होतात. कर्जाइतका साधा मुदत विमा स्वतः घ्यावा, घरच्यांसाठी तो आवश्यकच आहे, पण कर्जासोबत विशिष्ट विमा घेणे सक्तीचे नसते. व्यक्तीच्या नावावरच्या तरत्या (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दलात भरा.

प्रतिसाद : करसल्लागार, नाशिक

पत्नीच्या नावाचा प्रश्न तेवढा राहिला आहे. महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे तुमचे ७२,००० रुपये वाचतात. पूर्वी पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढून टाकली आहे. परंतु खरेदीखतात तुमचे नाव नसेल तर तुम्ही सहकर्जदार असूनही व्याजाची वजावट तुम्हाला मिळणार नाही. त्याशिवाय पैसे तुमच्या खात्यातून गेले असतील तर त्या प्रमाणातले भाडे तुमच्याच उत्पन्नात धरले जाते. पत्नीच्या पगारातून स्वतःचा हिस्सा आणि हप्ते जाणार असतील तरच हा मार्ग स्वच्छ आहे.

कराचा आकडा असा येतो. वर्षात अकरा महिने भाडे मिळाले तर २ लाख ५३ हजार. मालमत्ता कर १८,००० भरला असे धरल्यास २ लाख ३५ हजार उरतात, त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १ लाख ६४ हजार ५०० राहतात. पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ४ लाख ५६ हजार आहे, म्हणजे तोटा २ लाख ९१ हजारांचा. जुन्या करप्रणालीत त्यातले दोन लाख पगारातून वजा होतात आणि उरलेले पुढे आठ वर्षे घराच्या उत्पन्नासमोर नेता येतात. नव्या प्रणालीत भाड्याइतकेच व्याज वजा होते आणि वरचा तोटा पगारासमोर धरता येत नाही. एजंट "कर वाचतो" म्हणत असेल तर तो कोणत्या प्रणालीबद्दल बोलतो आहे, ते विचारा.

किंमत ५० लाख किंवा अधिक असल्याने विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस (त्याच्या वतीने आधीच कापायचा कर), म्हणजे ७२,००० रुपये, तुम्ही कापून सरकारकडे भरायचे आहेत. ही रक्कम सौद्यातच धरलेली असते, वेगळा खर्च नाही. विक्रेता अनिवासी असेल तर मात्र नियम आणि दर दोन्ही बदलतात, त्यामुळे तो कुठे राहतो हे आधीच विचारून घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीबरोबर बसून कागदावर मांडले. राखीव रकमेसह २५ लाखांहून अधिक हवेत आणि आमच्याकडे १८ आहेत. आम्ही नव्या करप्रणालीत आहोत, त्यामुळे कराचा आधारही नाही. हा फ्लॅट सोडून ५० लाखांच्या आतला एक बेडरूमचा पाहावा, असे दोघांनाही वाटते. पुढच्या वेळी टोकन देताना काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद : निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

टोकनच्या आधी बँकेकडून तुमच्या उत्पन्नावरचे तत्त्वतः मंजुरीपत्र घ्या आणि फ्लॅटच्या कागदांच्या प्रती वकिलाला दाखवा. टोकन धनादेशाने किंवा खात्यातून द्या, रोख देऊ नका. पावतीवर विक्रेत्याची सही घ्या आणि त्यात असे लिहून घ्या की मालकी हक्कात दोष निघाला, बँकेने कर्ज नाकारले किंवा मूल्यांकन कमी आल्यामुळे कर्ज ठरलेल्या रकमेपेक्षा कमी झाले, तर टोकन पंधरा दिवसांत पूर्ण परत मिळेल. विक्रेता हे लिहून द्यायला तयार नसेल तर तेथेच थांबा. रविवारचे ठरलेले टोकन देणार नसल्याचे एजंटला आजच कळवा, म्हणजे विक्रेताही खोळंबून राहणार नाही.