मदत हवी आहे : आल्याच्या नावातलं ‘ऑफिसिनाले’ म्हणजे काय?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या परसबागेत झाडांच्या पाट्या लावायचं काम माझ्याकडे आलंय. मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव आणि त्याचा अर्थ, असं ठरलंय. तुळस, अडुळसा झाले, आल्यापाशी अडले. आलं ‘झिंजिबर ऑफिसिनाले’, आवळा ‘एम्ब्लिका ऑफिसिनालिस’, ऊस ‘सॅकरम ऑफिसिनारम’. शब्द एकच दिसतो, शेपूट मात्र तीन तऱ्हांचं. यादी टाईप करताना चूक झाली असं वाटलं, पण पुस्तकातही तसंच आहे.

सहावीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, आल्याचं ऑफिस असतं का?” तिला उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागलंय. पुस्तकात अर्थ नुसता ‘औषधी’ दिलाय. मग तुळस औषधी नाही का? तिच्या नावात हा शब्द का नाही? लॅटिन येणाऱ्या कुणी समजावून सांगाल का? पाट्या सोमवारी रंगवायला द्यायच्या आहेत.

प्रतिसाद १

ताई, त्या मुलीचं कौतुक करा. ऑफिस आणि हा शब्द खरंच चुलत भावंडं आहेत. लॅटिनमध्ये ‘ओपुस’ म्हणजे काम (वेदातला ‘अपस्’ त्याचाच सगोत्र). काम करणारा कारागीर तो ‘ओपिफेक्स’ आणि त्याची कामाची जागा ‘ऑफिसिना’. पोर्तुगीजमध्ये गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपला आजही ‘ओफिसिना’च म्हणतात. मध्ययुगात युरोपातल्या मठांत औषधं बनवायच्या, साठवायच्या खोलीला हा शब्द चिकटला आणि पुढे औषधविक्यांच्या दुकानाला. ‘ऑफिसिनालिस’ म्हणजे त्या दुकानातलं. शास्त्रीय नावांची ही पद्धत रूढ करणाऱ्या लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ च्या ग्रंथात सेज, रोझमेरी अशा कितीतरी वनस्पतींना हे विशेषण लावलं. पुढे १७५८ मध्ये एका माकुलालाही लावलं, कारण त्याच्या पाठीतलं हाड औषधवाले विकत.

म्हणून ‘औषधी’ हा अर्थ मला अपुरा वाटतो. विशेषण झाडाचा गुण सांगत नाही, दुकान सांगतं, आणि तेही युरोपातलं. तुळशीचं वाईट वाटून घेऊ नका.

शेपटांचं म्हणाल तर आपलं ‘चांगली कैरी, चांगलं आलं’ तसंच. एम्ब्लिका स्त्रीलिंगी म्हणून ‘ऑफिसिनालिस’, झिंजिबर नपुंसकलिंगी म्हणून ‘ऑफिसिनाले’. उसाचं ‘ऑफिसिनारम’ विशेषण नव्हे, ती षष्ठी आहे: ‘औषधांच्या दुकानांचा’. मध्ययुगीन युरोपात साखर औषधवाल्यांकडेच मिळायची.

एक मात्र बघा, आवळ्याचं आजचं मान्य नाव ‘फिलँथस एम्ब्लिका’ आहे. पाटीवर तेच घाला.

धागाकर्ती

मनापासून आभार! आल्याच्या पाटीवर ‘काष्ठौषधीच्या दुकानातलं’ असं लिहिलं तर चालेल ना? आमच्या मुलांना ते दुकान माहीत आहे, बाजारपेठेत शाळेच्या वाटेवरच आहे.

प्रतिसाद १

चालेल काय, पुस्तकापेक्षा जास्त बरोबर आहे.