सुपरमॅनला पहिला सुपरहीरो का मानतात? वेताळ तर त्याच्या आधीचा

जुनी_पाने (धागाकर्ते)

इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांवर वाढलेल्या आमच्या पिढीला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा फॅण्टम, सुपरमॅनच्या कितीतरी आधी भेटला. अलीकडे तारखा ताडून पाहिल्या, तर अमेरिकेतही क्रम तोच निघाला. फॅण्टमची चित्रमालिका तिथल्या वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. सुपरमॅन ज्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला, त्यावर जून १९३८ असे छापलेले आहे (प्रत्यक्षात तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता). अंगाला घट्ट बसणारा पोशाख, बुबुळे दिसू न देणारा मुखवटा, बापाकडून मुलाकडे आलेली शपथ, दुष्टांच्या जबड्यावर उमटणारी कवटीची खूण, असा सगळा सरंजाम फॅण्टमपाशी दोन वर्षे आधीच तयार होता.

तरीही पहिलेपणाचा मान सुपरमॅनला कसा मिळाला? फॅण्टमला अतिमानवी शक्ती नाही, हे नेहमी दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे. मात्र ती कसोटी लावायची, तर बॅटमॅनलाही यादीतून वगळावे लागेल, आणि तसे कोणीच करत नाही. जाणकारांनी खुलासा करावा.

शाईचे_डाग

आपला बॅटमॅनचा मुद्दा बिनतोड आहे, आणि म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर शक्तींच्या यादीत शोधू नये असे मला वाटते. ते कॉमिक बुक नावाच्या मालाच्या धंद्यात शोधावे लागते.

फॅण्टम ही वृत्तपत्रातली मालिका होती. घरात येणाऱ्या वर्तमानपत्रात ती चार चौकटींनी रोज पुढे सरके, आणि ती छापायची की नाही हे संपादक ठरवत. कॉमिक बुक ही वेगळी वस्तू आहे. रविवारच्या रंगीत पुरवण्या छापणाऱ्या ईस्टर्न कलर प्रिंटिंग या कंपनीला आपली यंत्रे रिकामी ठेवायची नव्हती. त्या गरजेतून १९३३-३४ च्या सुमारास जुन्या वृत्तपत्रीय मालिका पुन्हा छापलेली, दहा सेंट किमतीची पुस्तके बाजारात आली. ती खपू लागल्यावर चांगल्या मालिकांचे पुनर्मुद्रणाचे हक्क मिळवण्यासाठी पैसे मोजणे भाग झाले. मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांच्यापाशी तेवढे पैसे नव्हते, त्यामुळे १९३५ मध्ये 'न्यू फन' काढताना त्यांनी सगळा मजकूर नवा घेतला, आणि तो स्वस्तात देतील अशा होतकरू मुलांकडून घेतला. क्लीव्हलँडचे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे अशाच मुलांपैकी होते. पुढे मेजरसाहेबांच्या हातून ही कंपनी गेली आणि हॅरी डोनेनफेल्ड व जॅक लीबोविट्झ यांच्या ताब्यात आली, त्यामुळे सुपरमॅन छापण्याचे श्रेय मेजरसाहेबांना मिळाले नाही.

गंमत अशी, की सीगल आणि शूस्टर यांना सुपरमॅनही वृत्तपत्रातच हवा होता. वृत्तपत्रांना मालिका पुरवणाऱ्या संस्थांनी तो वर्षानुवर्षे नाकारला. अखेर मॅक्स गेन्स यांच्याकडे काम करणाऱ्या शेल्डन मेयर या तरुणाने त्याची भलावण केली, नमुने याच कंपनीचे संपादक व्हिन सुलिव्हन यांच्याकडे पोहोचले आणि 'ॲक्शन कॉमिक्स' या नव्या मासिकाची तेरा पाने भरण्यासाठी ते निवडले गेले. वृत्तपत्राच्या मापाने काढलेल्या आडव्या पट्ट्या कापून पुस्तकाच्या पानांवर चिकटवाव्या लागल्या. पहिल्या अंकातली गोष्ट आजही वाचून पाहा. जन्मकथा एका पानात उरकली आहे, आणि लगेच सुपरमॅन हातपाय बांधलेल्या एका बाईला उचलून रात्रीच्या अंधारात राज्यपालांच्या घराकडे धावताना दिसतो. ही बाई कोण, तिला कुठून आणले, काही सांगितलेले नाही, कारण तो भाग कापाकापीत गळाला होता. तो पुढे १९३९ च्या उन्हाळ्यात सुपरमॅनचे स्वतंत्र मासिक निघाले तेव्हा छापला गेला. मात्र कथेला या कात्रीने जो वेग आला, तो वृत्तपत्रातल्या रोजच्या चार चौकटींना कधीच आला नसता, असे माझे मत आहे.

त्या तेरा पानांत सुपरमॅन काय करतो, हेही पाहण्यासारखे आहे. फाशीच्या दारात उभ्या असलेल्या निरपराध स्त्रीला तो वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, गुंडांची मोटार उचलून आपटतो आणि शेवटी एका सिनेटरला पैशाने फितवणाऱ्या माणसाच्या मागे लागतो. परग्रहावरचा शत्रू नाही, राक्षस नाही. त्याला उडताही येत नाही, फक्त मैलाच्या आठव्या भागाएवढी उडी मारता येते. हा महामंदीतला नायक आहे. दूरदेशीच्या कल्पित जंगलात राहणाऱ्या फॅण्टमपेक्षा तो क्लीव्हलँडच्या किंवा न्यूयॉर्कच्या मुलाला अधिक जवळचा वाटला, यात नवल नाही. काही अंकांनंतर मुले दुकानात मासिकाचे नावही न घेता 'सुपरमॅन असलेला अंक' मागू लागली, तेव्हा कुठे प्रकाशकांना आपल्या हाती काय लागले आहे याचा पत्ता लागला.

फॅण्टमच्या मागोमाग तशाच नायकांची रांग लागली नाही. सुपरमॅननंतर ती लागली, आणि पहिलेपण या रांगेमुळे ठरले.

पुरवणीवाचक

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण पूर्वजांची दखल घेतल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. दुहेरी आयुष्य जगणारा मुखवटाधारी झोरो १९१९ साली स्वस्त कथामासिकात आला होता. 'द शॅडो' हे मासिक १९३१ चे, तर डॉक सॅव्हेज १९३३ चा. या सॅव्हेजचे नाव, सुपरमॅनच्या क्लार्क केंट या रूपासारखेच, क्लार्क, आणि एकांतासाठी त्याने ध्रुवप्रदेशात बांधलेल्या ठिकाणाचे नाव पुढे सुपरमॅनच्या बर्फातल्या निवाऱ्याला जसेच्या तसे मिळाले. जपानमध्ये तर चित्रफलक दाखवत रस्त्यावर गोष्टी सांगणाऱ्यांनी कवटीच्या तोंडाचा, अंगरखा फडकवत उडणारा 'ओगोन बॅट' १९३०-३१ च्या सुमारासच रंगवला होता.

बॅटमॅनचे मूळ कथामासिकांत आहे याबद्दल तर वादच नाही. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या मे १९३९ च्या सत्ताविसाव्या अंकातली त्याची पहिली गोष्ट शॅडोच्या एका कथेवरून सरळ उचललेली आहे. ती लिहिणारे बिल फिंगर यांनी बॉब केन यांच्या मूळ आराखड्यात टोपी, अंगरखा आणि करडा रंग सुचवून आजचा बॅटमॅन घडवला, पण करार केन यांच्या एकट्याच्या नावावर झाला. फिंगर १९७४ मध्ये वारले आणि त्यांचे नाव सहनिर्माते म्हणून अधिकृतपणे झळकू लागले ते २०१५ पासून. सीगल आणि शूस्टर यांची कथाही याहून बरी नाही. पानाला दहा डॉलर या दराने तेरा पानांचे एकशे तीस डॉलर घेऊन त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क लिहून दिले. १९४७ साली ते न्यायालयात गेले, पण हक्क परत मिळाले नाहीत. सुपरमॅनवरचा मोठा चित्रपट तयार होत असताना, १९७५ मध्ये, लोकलज्जेस्तव त्यांना वर्षाला वीस हजार डॉलर आणि नावाचा उल्लेख मिळाला.

जुनी_पाने

रांगेचा मुद्दा पटण्याजोगा आहे. त्यावरून पुढचा प्रश्न असा सुचतो, की इतके नायक एकाच साच्यातून निघत असताना सुपरमॅनच्या प्रकाशकांनी कोणालाच अडवले नाही का?

कलम_आणि_कज्जे

अडवले, आणि फार लवकर अडवले. माझ्या मते सुपरहीरो हा प्रकार कागदावर प्रथम कोणी शब्दांत बांधला असेल, तर तो न्यायालयाने.

व्हिक्टर फॉक्स या प्रकाशकाने चित्रकार विल आयस्नर यांच्याकडून 'वंडर मॅन' हा नायक तयार करवून घेतला आणि मे १९३९ च्या अंकात छापला. दावा तत्काळ दाखल झाला. खालच्या न्यायालयात तो न्यायमूर्ती वूल्सी यांच्यापुढे चालला (जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'ला अमेरिकेत मोकळीक देणारे तेच हे वूल्सी), आणि १९४० मध्ये अपिलात ऑगस्टस हँड यांनी निकाल दिला. सुपरमॅनचे गुण हर्क्युलिससारख्या जुन्या वीरांचेच आहेत, असा बचाव झाला होता. न्यायालयाने एकेक बाब जुळवून पाहिली: दोघेही साध्या कपड्यांखाली घट्ट पोशाख घालतात, दोघेही हाताने पिस्तूल चुरगळतात, दोघांवर गोळ्या चालत नाहीत, दोघेही पीडितांचे कैवारी आहेत, आणि ठळक फरक म्हणावा तर एकाचा पोशाख निळा, दुसऱ्याचा लाल. परोपकारी बलवान ही सर्वसाधारण कल्पना कोणाच्या मालकीची नाही, परंतु तिचा हा विशिष्ट आविष्कार मात्र उचलता येणार नाही, असे ठरले. कल्पना खुली आणि तपशील बंदिस्त! इतर प्रकाशकांना यातून वाट मिळाली. वेग घ्या, अंगठी घ्या, आग घ्या, पण तोच नायक पुन्हा काढू नका. १९४० सालात फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न आले ते बव्हंशी सुपरमॅनच्याच घरातले, ह्यूमन टॉर्च आणि सबमरिनर मात्र १९३९ मध्येच टाइमली या प्रतिस्पर्धी कंपनीकडून आले होते.

खरा लांबलेला कज्जा कॅप्टन मार्व्हलचा. बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांचा हा नायक म्हणजे एक मंत्र उच्चारताच वीर बनणारा पोरगा. चाळीसच्या दशकात तो काही काळ सुपरमॅनपेक्षाही अधिक खपत होता, आणि म्हणूनच तो डोळ्यांत सलला असावा. १९४१ मध्ये दाखल झालेला दावा १९५१ मध्ये अपिलात गेला तेव्हा निकाल लिहिणारे होते ऑगस्टस यांचे चुलतभाऊ लर्नेड हँड. अखेर १९५३ मध्ये त्याच्या प्रकाशकांनी, म्हणजे फॉसेट कंपनीने, चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल छापणे थांबवले. तोवर युद्ध संपून सुपरहीरोंचा खप एकूणच घसरला होता, त्यामुळे लढत राहण्यात कंपनीला फायदा उरला नव्हता.

शाईचे_डाग

कज्जे न्यायालयापर्यंत न पोहोचताही चित्रे बदलत, याचे एक उदाहरण जोडतो. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाचा पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या जवळपास वर्षभर आधी विक्रीला आला, आणि मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावत होता. त्या अंकात त्याच्या हातात तीन टोकांची ढाल आहे. एमएलजे या कंपनीचा 'शील्ड' नावाचा देशभक्त नायक जानेवारी १९४० च्या अंकापासून चालू होता आणि त्याच्या छातीवरचे कवच थेट त्याच आकाराचे असल्याने त्यांनी हरकत घेतली. दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली, आणि तिसऱ्या अंकात स्टॅन ली नावाच्या नवख्या मुलाने लिहिलेल्या छोट्या गद्यकथेत कॅप्टन अमेरिकाने ती पहिल्यांदा फेकून मारली.