कुस्तीतली पोरगी वुशूत गेली तर?

विट्याचा पालक:
मुलगी तालमीत जाते, यंदा दहावीला आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या रोशिबिना देवीच्या लढती मोबाईलवर बघितल्यापासून वुशूचा हट्ट धरलाय. अंगात मुरलेली कुस्ती वाया जाईल का? आणि वुशू म्हणजे तलवारी फिरवायचा खेळ ना?

कराडची सांडावाली:
दादा, वुशू ही चिनी युद्धकला, तिचे दोन प्रकार. तलवार, भाला, काठी घेऊन किंवा रिकाम्या हातांनी हालचाली करून दाखवायच्या तो ताओलू. रोशिबिना खेळते ती सांडा, समोरासमोरची लढत. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकल्या की निकाल. ठोशाला एक गुण, डोक्यावर किंवा अंगावर बसलेल्या लाथेला दोन. समोरचीला पाडून आपण उभ्या राहिलो तरी दोन. तुमच्या लेकीची कुस्ती इथंच कामाला येणार. आलेली लाथ छातीशी धरायची, तिच्या उभ्या पायात पाय घालायचा, की ती खाली. मीही तालमीतनंच आले. एकेरी पट, म्हणजे खाली शिरून समोरचीचा एक पाय धरून पाडणं, हातात नसता तर माझा टिकाव लागला नसता.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतील. पटाला डोकं खाली घालून शिरली की लाथ थेट तोंडावर. खालची कुस्ती तर विसरायचीच, पडलं की पंच थांबवतो. घट्ट धरून बसलं तरी सोडवतो. मला सगळ्यात जड गेलं ते लांब उभं राहणं. हात सारखे धरायलाच जायचे.

रोशिबिनाचं २०१८ ला जकार्तात कांस्य, २०२३ ला हांगझोऊत रौप्य, दोन्ही ६० किलोत. अंतिम लढत चीनच्या वू शियाओवेईशी हरली. तेव्हा घरी मणिपूर पेटलेलं, आणि वुशू संघातल्या अरुणाचलच्या तीन मुलींना चीननं अडवल्यामुळं तिथं जाताच आलं नव्हतं. एवढं मनावर घेऊन ती चीनमध्ये चिनी मुलीसमोर उभी राहिली. लेकीला हे जरूर सांगा.

तासगावचा वस्ताद:
ताईंचं पटतंय, पण डोक्याला मार बसणारा खेळ आहे. माझ्या तालमीतली पोर असती तर दहावी होईपर्यंत सोडली नसती.

कराडची सांडावाली:
वस्ताद, हेल्मेट, छातीचं कवच, दातांचं गार्ड सक्तीचं असतं. तरी काळजी खरी आहे. सुरुवातीला नुसत्या पॅडवर लाथा आणि पाय धरून पाडणं एवढंच करू दे. तालीम सोडायची गरज नाही.

विट्याचा पालक:
मग परीक्षेनंतर घेऊन येतो, ताई. तोवर पहाटेची तालीम चालूच राहील.