‘दिवाणी’, ‘नागरी’ की ‘मुलकी’? ग्वांतानामोच्या खटल्यांचे शब्द

प्रश्न : ग्वांतानामोत (क्युबातल्या अमेरिकी नौदल तळावरच्या तुरुंगात) ठेवलेल्यांवरचे दहशतवादाचे खटले कुठे चालवावेत, या अमेरिकेतल्या वादावर लिहितो आहे. ‘सिव्हिलियन कोर्ट’ला दिवाणी न्यायालय आणि ‘मिलिटरी कमिशन’ला लष्करी आयोग म्हटलेलं वाचलं. दोन्ही खटकतात. दुसरे शब्द आहेत का?

– दिवाणी तर नकोच. दिवाणीच्या समोर फौजदारी उभी असते, लष्करी नाही. जवळपास तीन हजार माणसं मारल्याच्या कटाचा आरोप म्हणजे काय बांधाचा वाद आहे? ९/११ हल्ल्यांचा कथित सूत्रधार खालिद शेख मोहम्मद याचा खटला न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात चालवणार, असं अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. तो खटला फौजदारीच झाला असता. (पुढे अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ग्वांतानामोचे कैदी अमेरिकेत आणायला पैसाच नाकारला आणि एप्रिल २०११ मध्ये तो बेत सोडावा लागला.) मी ‘मुलकी न्यायालय’ लिहीन.

– मुलकी म्हटलं की आता महसूल खातं आठवतं. ‘नागरी’ का नको?

– नागरी म्हटलं की नळ आणि गटारं आठवतात, त्याचं काय? ‘लष्करी’च्या शेजारी आलं की मुलकीचा अर्थ चुकत नाही. जोडी जुनी आहे, वापरा.

– माझा आक्षेप ‘आयोगा’वर जास्त आहे. मराठीत आयोग चौकशी करतो, अहवाल देतो, शिफारशी करतो. हे कमिशन फाशीसुद्धा सुनावू शकतं. त्यातून ‘९/११ आयोग’ वेगळाच आहे, २००४ मध्ये अहवाल देणारा, आणि तो खराखुरा आयोग होता. एकाच लेखात दोन्ही आले तर वाचकाचा गोंधळ ठरलेला.

प्रश्नकर्ता : मग सरळ ‘कोर्ट मार्शल’ लिहू का?

– तिथेच तर मेख आहे. कोर्ट मार्शल मुख्यतः आपल्याच सैनिकांसाठी असतं आणि त्याचे नियम कायद्याने बांधलेले असतात. बुश यांनी १३ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने उभी केली ती यंत्रणा वेगळी होती. आरोपीला स्वतःच्याच सुनावणीतून बाहेर ठेवता येई, ऐकीव पुरावाही चाले. २००६ मध्ये बिन लादेनचा ड्रायव्हर हमदान याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. एक मोठं कारण हेच की कोर्ट मार्शलच्या नियमांपासून इतकं दूर जाण्याची गरज सरकारला दाखवता आली नव्हती. दोन्हींना एकच शब्द दिलात तर तो निकाल मराठीत सांगताच येणार नाही! त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून कमिशन पुन्हा उभं केलं, २००९ मध्ये त्यात सुधारणा झाल्या. मी ‘विशेष लष्करी न्यायमंडळ’ म्हणेन. ज्यूरीच्या जागी लष्करी अधिकारी बसतात, तेव्हा ‘मंडळ’ शोभतं.

– शब्द कुठलाही घ्या, ‘लष्करी’ म्हणजे कडक आणि ‘मुलकी’ म्हणजे मवाळ असा सूर येऊ देऊ नका. १९९८ च्या पूर्व आफ्रिकेतल्या अमेरिकी दूतावासांवरील बॉम्बस्फोटांतला आरोपी अहमद घैलानी याला न्यूयॉर्कच्या ज्यूरीने २८० हून अधिक आरोपांतून सोडलं, फक्त एक सिद्ध झाला. त्या एकावर २०११ मध्ये जन्मठेप. उलट त्याच हमदानला लष्करी अधिकाऱ्यांनी २००८ मध्ये साडेपाच वर्षं दिली, त्यातली बहुतेक भोगून झालेली. काही महिन्यांत तो येमेनला परतला. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा दोषही पुसला, कारण ‘दहशतवादाला साहाय्य’ हा त्या काळी युद्धगुन्हाच नव्हता.

– आणखी एक. ग्वांतानामोतल्या सगळ्यांना ‘आरोपी’ म्हणू नका. तिथे ठेवलेल्या सुमारे ७८० जणांपैकी बहुतेकांवर आरोपपत्रच नव्हतं. ‘युद्धकैदी’ही नाही, तो दर्जा बुश सरकारने नाकारला होता. ‘स्थानबद्ध’ नेमका बसतो.

प्रश्नकर्ता : आभार. ‘विशेष लष्करी न्यायमंडळ’ मजकुरात घेतो, पण शीर्षकात मावत नाही.

– शीर्षकात ‘मुलकी की लष्करी खटला?’ एवढंच ठेवा. मंडळाचा खुलासा पहिल्या परिच्छेदात.