अनुभव धागा: येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं 'तुझे राज्य येवो' हे मनापासून कधी म्हटलंत?

मरोळची_मावशी
काल नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, नाचणी पेरली. स्टीलची ताटली, खाली कापूस, वर मूठभर माती, रात्रभर भिजवलेले दाणे. हात ओले असतानाच 1992 आठवलं, म्हणून हा धागा काढते.

6 डिसेंबर 1992 हा आगमनकाळाचा, म्हणजे येशूची वाट बघायच्या नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, दुसरा रविवार. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पहिलं वाचन माझ्याकडे होतं, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा अकरावा अध्याय. इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल, लांडगा कोकराशेजारी राहील, लहान मूल त्यांना वळेल. मी एकोणीस वर्षांची, उच्चार चुकू नयेत एवढीच काळजी. संध्याकाळी अयोध्येची बातमी आली आणि रात्रीपासून मुंबई पेटली. चाळीत आमच्या खाली शिवणकाम करणारे चाचा राहायचे. आईने त्यांच्या दोन्ही मुलींना वर आणून आमच्या पलंगामागे झोपवलं. त्यांच्या उशाशीच ताटली होती, नाचणीला नुकते मोड आलेले. धाकटीने विचारलं, हे काय पेरलंय? आई म्हणाली, राजा यायचाय, त्याच्या गोठ्याभोवतीचं शेत आहे. मग पोरगी रोज उठल्या उठल्या ताटलीत बोट घालून बघायची, किती उगवलं.

तोवर 'तुझे राज्य येवो' मी रोज म्हणत होते. ते मागणं आहे हे त्या आठवड्यात कळलं. तुम्हाला कधी कळलं? लिहा.

रात्रपाळी
मी नर्स. 2008. पहिला आगमन रविवार 30 नोव्हेंबरला होता, 26/11 चा हल्ला संपून जेमतेम एक दिवस. ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच मिस्साला गेले. यशयाचंच वाचन, पण शेवटाकडचं. आकाश फाडून तू खाली उतरलास तर किती बरं होईल. असं ओरडून मागता येतं देवाकडे? मी मागच्या बाकावर रडून घेतलं. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या गोष्टीच्या वाचनात, तो दारवान, धनी कधी येईल माहीत नाही म्हणून जागा राहणारा. चार रात्री मी जागीच होते. वाटलं, मी माझ्या दारावर उभी आहे, तो येईपर्यंत एवढंच माझं काम. अजूनही रात्रपाळीला निघताना हेच म्हणते.
लेकरू उठलं, नंतर लिहिते

कुलकुलवाली
वाचून अंगावर काटा आला गं. मावशी नाचणी कुठली घेतलीत? माझी गेल्या वर्षी बुरशी लागून गेली सगळी

मरोळची_मावशी
किराणावाल्याकडची अख्खी, दळायला घेतो तीच. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. आणि दोनदा पेर. एक ताटली आता, दुसरी पंधरवड्याने, नाहीतर नाताळपर्यंत पिवळी पडते.

गिरणगाव_ते_विरार
आम्ही प्रोटेस्टंट, तुम्हा कॅथलिकांसारखी मिस्सा नाही, नुसती उपासना म्हणतो. बाबा गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, डिसेंबर आला तरी पगार नाही. त्या वर्षी दारात लावायची नाताळची चांदणी विकत आणली नाही, दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या सोडवून मोठ्या भावाने बांधली, वर पतंगाचा कागद. एका रात्री घरच्या प्रार्थनेत आजोबांनी बायबलमधलं मरियेचं, येशूच्या आईचं, गीत वाचलं. भुकेल्यांना त्याने पोटभर दिलं, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. बाबा मध्येच उठून गॅलरीत गेले. मला वाटलं चिडले. मी मागे गेलो तर कठडा धरून उभे. म्हणाले, "राजा येईल तेव्हा आमचा हिशोब बघेल ना रे?" मी दहा वर्षांचा, म्हणालो हो बघेल.
तो संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबा गेले. माझं 'हो' मी अजून मागे घेतलेलं नाही.

रात्रपाळी
दादा 🙏

वसईची_सून
आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतल्या मुलाने विचारलं, टीचर, राजा तर दोन हजार वर्षांपूर्वी येऊन गेला, मग वाट कोणाची बघायची? मी चाचरले. काय सांगायचं असतं?

मरोळची_मावशी
आलाय, आणि यायचाय. दोन्ही खरं. मिस्साची वाचनं नीट बघ, 16 डिसेंबरपर्यंत ती मुख्यत्वे त्याच्या पुन्हा येण्याची असतात, 17 पासून बेथलेहेमकडे वळतात. आपण आधी पुढचं मागतो, मग मागचं आठवतो. आणि पौलाच्या पत्रातला तो अरामी शब्द त्याला शिकव, माराना था. आमच्या प्रभो, ये. मुलांना परक्या भाषेतले शब्द पटकन पाठ होतात.

कुलकुलवाली
आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांतली गुलाबी तिसऱ्या रविवारी ना? आमच्याकडे चौथ्याला लावली होती एकदा, आजी दिवसभर बोलली नाही

वसईची_सून
तिसऱ्या. आनंदाचा रविवार. नाताळचे कुलकुल, तळलेला गोड फराळ, कधी करताय? माझ्या जाऊबाई नारळाच्या दुधात मळतात, छान खुसखुशीत होतात.

आजीचा_नातू
2020 ला रात्री अकरापासून संचारबंदी, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच झाली. आजी घरीच, मोबाईलवर बघत होती. मिस्सा आटोपली तरी बाळ येशूची मूर्ती गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवू देईना. बारापर्यंत रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. "इतकी वर्षं थांबले, चार तास काय." तिची ती शेवटची नाताळ.

गिरणगाव_ते_विरार
मावशी, त्या दोघी मुलींचं पुढे काय झालं?

मरोळची_मावशी
जानेवारीत पुन्हा दंगल झाली आणि ते सगळे गावी गेले, परत आले नाहीत. चाचांचं शिलाई मशीन आमच्याकडे राहिलं. परत आले तर लागेल म्हणून आई तेल घालून ठेवायची. आता मी घालते. पट्टा दोनदा बदलला, चालतंय.

कुलकुलवाली
मावशी!! मोड आले. पाच-सहाच आहेत पण आले

मरोळची_मावशी
थेट उन्हात ठेवू नकोस. आणि पोरांना बोट घालू दे.