सुया टोचून घेण्याआधी: माझा गुडघा आणि तुमची मतं

सदाफुली
गुडघ्यासाठी ॲक्युपंक्चरची दहा सिटिंग्ज मागच्या आठवड्यात संपली. सोसायटीत कळल्यापासून जो तो लिफ्टमध्ये गाठून विचारतो, दुखतं का, गुण आला का, आमच्या हिला पाठवू का. तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून धागा काढते. झोडपायचं तर झोडपा, पण वाचून झोडपा.

सुई इंजेक्शनची नव्हे. भरीव असते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. आमच्या मॅडम त्वचेवर प्लॅस्टिकची बारीक नळी टेकवतात, सुईच्या माथ्यावर टिचकी मारतात आणि नळी काढून घेतात. टिचकी कळते, सुई फारशी कळत नाही. खरी गंमत पुढे. सुई जरा आत सरकवून चिमटीत फिरवली की आतून जड वाटायला लागतं, मांडी घालून बसल्यावर पाय झोपतो ना, तसं. चिनीत याला 'द छी' म्हणतात. ते आलं की मॅडम खूश. पहिली सुई वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. हा कुठला पॉइंट विचारलं तर म्हणाल्या, स्टमक छत्तीस. दुखतोय गुडघा आणि नाव पोटाचं!

आता माझं मत. नवीन माणूस सुईला घाबरतो आणि विचारायचं ते विचारतच नाही. सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडा, एवढं म्हणायला जीभ रेटत नाही. एका ठिकाणी मला सांगितलं, "तुमच्या सुया तुमच्या नावाच्या डबीत ठेवू, पुढच्या वेळी त्याच." मी तशीच चपला घालून परत फिरले. दुसरं, किती वेळा करून गुण नाही आला तर थांबायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. मी सहा ठरवली होती. पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. पोटात काहीतरी असू द्या आणि पहिल्यांदा आडवंच पडा, उपाशीपोटी बसून टोचून घेतलं की काहींना भोवळ येते. रक्त पातळ करायची गोळी, पेसमेकर, गरोदरपण, शुगर, हे त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगायचं. पेसमेकर अशासाठी की कधीकधी सुयांना वीज जोडतात. आणि चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

गुण म्हणाल तर जिना उतरताना कठडा सुटला. मांडी अजून घालता येत नाही.

तिरकस तात्या
ताई, यादी छान आहे, पण पहिलाच प्रश्न राहिला: "हे चालतं का हो?"

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला शास्त्रोक्त सुया. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या. तिसऱ्याला गोळ्या-व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना आराम होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के लोकांना. म्हणजे स्टमक छत्तीसला टोचा नाहीतर स्टमक चारशेवीसला! मग त्या मेरिडियनच्या (हे पॉइंट ज्या वाटांवर मांडलेत म्हणतात, त्या) तक्त्याचं काय करायचं, भिंतीवर लावायचं?

सुईवाली
तात्या, तिसरा गट कुठे लपवलात? गोळ्या-व्यायामवाल्यांना आराम २७.४ टक्के. तुमच्याच चाचणीत माझ्या सुयांनी त्यांना मागे टाकलंय. भलत्या जागी टोचली तरी ती सुईच, शरीर तिला उत्तर देतंच. २०१८ मध्ये वीस हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा खोट्या सुयांपेक्षाही खऱ्या सुया सरस निघाल्या. फरक थोडा होता, पण होता.

मी १४ वर्षं हेच काम करते, म्हणून सदाफुलीताईंच्या यादीत दोन भर घालते. समोरचा कोण आहे ते विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा कायदा २०१५चा आहे, राज्याची परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागितलं तर आम्हाला राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि सुया टोचल्या किती, निघाल्या किती, हे मोजलं जातंय का बघा.

बाकी शुगर, थायरॉईड, ॲलर्जी, सगळ्यांत फरक पडतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिरकस तात्या
आली गाडी रुळावर. गुडघ्यापासून निघाली आणि थायरॉईडला पोचली. मान्यता म्हणजे धंदा करायची परवानगी, गुण येतो याचा दाखला नव्हे.

ओपीडी नंबर तीन
दोघांनी जरा श्वास घ्या. मी ॲलोपॅथीतला, सरकारी नोकरीतला. रोज दीडशे पेशंट बघतो, त्यात सुया टोचून आलेले बरेच असतात.

दुखण्यासाठी कोणी ॲक्युपंक्चर करत असेल तर मी अडवत नाही. ब्रिटनची नाईस ही सरकारी संस्था उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढते. अर्धशिशीचे झटके कमी करायला आणि कारण न सापडलेल्या जुनाट दुखण्याला याचा विचार करा, असं ती म्हणते. पण सदाफुलीताई, गुडघ्याच्या झिजेसाठी मात्र देऊ नका असं २०२२ मध्ये तिनेच सांगितलंय. तुम्हाला बरं वाटतंय यात आनंदच आहे, पण शेजारणीला पाठवण्याआधी हे सांगा.

मला काळजी सुईची नाही, निदानाची आहे. पाठ दुखते म्हणून दोन महिने सुया, आणि निघाला मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाय लुळे पडतायत, लघवीवरचा ताबा जातोय, यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. सुई कुठे पळून जात नाही.

धोका किती? जर्मनीतच सव्वादोन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवली होती. शेकडा आठ-नऊ जणांना काहीतरी त्रास झाला, बहुतेक थेंबभर रक्त, काळंनिळं पडणं, दुखणं. फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा भरली ती दोघांना. म्हणजे दुर्मीळ, पण खांदा, मानेचा खालचा भाग, पाठीचा वरचा भाग इथे सुया घेतल्यावर श्वास घेताना छातीत टोचायला लागलं किंवा दम लागला, तर ॲसिडिटी समजून घरी पडून राहू नका. सुई लावलीय हे कॅज्युअल्टीत आपणहून सांगा, लोक नेमकं तेच लपवतात.

सुईवाली, शुगरबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते कृपा करून पेशंटला सांगू नका.

आजोबांचा नातू
बरोबर याचसाठी लॉगिन केलं.

माझे आजोबा, २५ वर्षांची शुगर, पावलं बधिर. टाचदुखीसाठी आमच्या गावातल्या एका सेंटरला जात होते. सुया ठीक होत्या. एक दिवस तिथल्या मुलाने सुईजवळ धुरी देतो म्हणून मोक्साची कांडी पेटवली. (जोतिबाला दवणा वाहतात ना, त्याच कुळातल्या झाडाचा वाळलेला पाला असतो तो, वास घरभर राहतो.) गरम वाटलं की सांगा आजोबा, म्हणाला आणि फोनवर बोलायला बाहेर गेला. आजोबांना गरम वाटणार कशाने? संध्याकाळी मोजा काढला तर रुपयाएवढा फोड. पुढे अडीच महिने ड्रेसिंग. बोट वाचलं हे नशीब.

त्या सेंटरने काय म्हणावं? "विष बाहेर पडतंय." आणि इन्शुलिन निम्मं करायचा सल्ला वर फुकट. आजोबांनी चार दिवस ऐकलंही, कारण तो मुलगा आजोबा-आजोबा करत अर्धा तास गप्पा मारायचा. आमच्या एमडींना दोन मिनिटं नसतात, हेही खरंय.

सुईवाली
वाचून वाईट वाटलं. बधिर पायाला मोक्सा द्यायचाच नसतो, आणि पेटती कांडी सोडून कोणी जात नाही. हे काम आमच्या नावावर खपवू नका.

इन्शुलिनला हात लावायला मी कधी सांगितलेलं नाही. वर शुगरचं लिहिलं ते मागे घेते. पेशंटची झोप सुधारते, चालणं वाढतं, आकडे उतरतात, पण त्याचं श्रेय सुईला देणं घाईचं होतं. थायरॉईडवर मात्र वेगळा धागा काढा, भांडायला येते.

सोलापुरी चटणी
अवांतर, पण राहवत नाही. आमच्या डॉ. कोटणीसांचं नाव ॲक्युपंक्चरच्या पाट्यांवर दिसतं आणि लोकांना वाटतं ते चीनला जाऊन सुया शिकून आले. ते सर्जन होते हो! १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. परत आलेच नाहीत, तर शिकवणार कोणाला? ही विद्या इकडे आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. ते पन्नासच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन शिकले आणि कलकत्त्यात सुरू केलं. पाटीवर कोटणीस बघून भुलू नका, एवढंच. सोलापूरला त्यांचं स्मारक आहे, ते बघायला मात्र जरूर या.

तिरकस तात्या
चटणी, झकास.

सदाफुलीताई, एकच उलटतपासणी. त्या दहा सिटिंग्जच्या काळात दुसरं काही करत होतात का? आणि दुखणं अगदी टोकाला गेलं होतं तेव्हाच गेला होतात ना? टोकाचं दुखणं आपसूकही उतरतं, आणि मग जो शेवटी भेटला तो देव ठरतो.

सदाफुली
पकडलंत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम फिजिओने आधीच दिला होता, तो मी याच दोन महिन्यांत पहिल्यांदा नेमाने केला. कारण मॅडम दरवेळी विचारायच्या, आणि खोटं बोलायची लाज वाटायची. वजनही तीन किलो उतरलं. आणि हो, गेले तेव्हा जिना बसून उतरत होते. त्यामुळे कठडा कोणामुळे सुटला, हे मी शपथेवर नाही सांगू शकत. तरी तो अर्धा तास पंख्याखाली पडून राहणं आणि कोणीतरी आपल्या गुडघ्याकडे नीट बघणं, यासाठी मी चारशे रुपये पुन्हा मोजीन. तुम्ही त्याला काय नाव द्यायचं ते द्या.

नाईसचं मला माहीत नव्हतं, डॉक्टर. शेजारणीला कालच सांगितलं. ती म्हणाली, "तुला आला ना गुण?" आणि अपॉइंटमेंट घेऊन मोकळी झाली. निदान पाकीट समोर फोडायला सांग, एवढं वदवून घेतलंय.

आणि सुईवाली, मोजायचं तुम्ही लिहिलंत ते सोळा आणे खरं. दुसऱ्या सिटिंगनंतर चप्पल घालताना घोट्यापाशी काहीतरी अडकलं. बघते तर सुई तशीच. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून त्या टोचताना मी मनात आकडा धरते. नवव्या वेळी बारा टोचल्या, निघाल्या अकरा. दोघी मिळून दहा मिनिटं गादी उलटीपालटी करत होतो. बारावी टॉवेलच्या घडीत निघाली.