दुःख तीन प्रकारचं, आणि आंबेडकरांचा आक्षेप

'सगळंच दुःख म्हणणारा बौद्ध धर्म निराशावादीच की' असा आक्षेप घेतला जातो, त्यावर थोडं.

सुख नसतंच, असं बुद्धांनी म्हटलेलं नाही. सुखद अनुभव ते सरळ मान्य करतात. संयुत्त निकायात (बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात) जंबुखादक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, विचारतो तेव्हा बुद्धांचे शिष्य सारिपुत्त दुःखाचे तीन प्रकार सांगतात: उघड वेदनेचं, बदलामुळे होणारं आणि संस्कारांचं (म्हणजे कारणांतून घडलेल्या गोष्टींचं). पहिलं कुणालाही कळतं. दुसरं सुखाच्या आतच दडलेलं असतं. सुख टिकावं ही धडपड सुरू झाली की ते निसटायला लागतं. तिसरं म्हणजे जे काही कारणांवर उभं आहे ते अस्थिरच असणार. (वाद बहुतेक वेळा पहिल्यावरच अडकतो.)

त्याच संग्रहातलं सल्लत्थ सुत्त, म्हणजे बाणाच्या दृष्टान्ताचा उपदेश, तर अवश्य वाचा. शरीराला बाण लागतो, ती एक वेदना. त्यावर चिडणं, रडणं, छाती पिटणं हा दुसरा बाण, मनाला लागलेला. मनाचा अभ्यास केलेल्या माणसाला पहिला लागतोच, दुसरा लागत नाही. यात निराशा कुठे आली?

निराशावादाचा हा आक्षेप पोरकट मात्र नाही. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यं (दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, थांबवायचा मार्ग आहे) बुद्धांच्या मूळ शिकवणीतली आहेत का, असाच प्रश्न उपस्थित केला होता. जन्मच दुःख असेल तर माणसाला आशा कसली? त्यांच्या मांडणीत दुःखाचं मोठं कारण माणसामाणसांतला अन्याय आहे, आणि दुसऱ्या बाणाच्या दृष्टान्तात त्याला फारशी जागा नाही.